माहेरी जाणारे अडकित्ते

भाऊशेट शेट्यांबद्दल लिहायला बसलो की मधेच कुठेतरी मला माझ्याबद्दल खरं लिहावं लागणार, हे ठाऊक असल्यामुळे इतकी वर्षं टाळत आलो. आता आई नाही, भाऊशेटही नाहीत. ज्यांच्यासमोर लाज वाटावी अशी माणसं संपली की माणूस धीट होतो. हा धीटपणा काही कौतुकाचा नव्हे, पण माझ्याकडे एवढाच आहे.

रत्नागिरीच्या बाजारपेठेत भाऊशेटांचं भांड्यांचं दुकान होतं. मी तेव्हा हायस्कूलमध्ये संस्कृत शिकवायला नुकताच लागलो होतो. ऐंशी साल उलटलं होतं आणि घरोघर स्टीलचं वेड शिरलं होतं. बायका सासूच्या वेळचे पितळी हंडे, पातेली मोडीत घालायच्या आणि चकचकीत स्टीलचे डबे छातीशी धरून घरी जायच्या. मोड घेणारे भाऊशेट आणि स्टील विकणारेही भाऊशेटच. म्हणजे गिऱ्हाईक येताना एकदा आणि जाताना एकदा, असं दोनदा त्यांच्या हाताखालून जायचं.

अंगात बंडी, खाली पांढरा लेंगा, कानात अत्तराचा फाया आणि जाड भिंगांचा चष्मा. गिऱ्हाईक आलं की हा चष्मा कपाळावर जायचा, म्हणजे मालातला दोष त्यांना स्वतःलाही दिसत नसे. एकदा एका बाईने विचारलं, ही घागर गळते का हो? भाऊशेट म्हणाले, नवीन आहे, पाण्याची सवय व्हायचीय तिला. बाई घागर घेऊन गेली.

पण मोडीच्या ढिगातून एखादा अडकित्ता निघाला की चष्मा कपाळावरून नाकावर उतरायचा आणि तिथून पुढे बोलणारा माणूस वेगळा असायचा. भाऊशेटांना अडकित्ते जमवायचा नाद होता. दुकानावरच्या माडीवर एका काचेच्या कपाटात पोपटांचे, घोड्यांचे, नवराबायकोचे, कमरेवर हात ठेवलेल्या बाईचे, असे अडकित्ते मखमलीवर निजलेले असायचे.

एकदा मिरकरवाड्याची एक मासेवाली मोडकी समई, दोन तांबे वगैरे घालून गेली. ढिगात खाली अडकित्ता होता. भाऊशेट तो हातात धरून अनवाणी तिच्या मागे धावले. भर बाजारातून शेट मागे धावतोय म्हटल्यावर तिला वाटलं, वजनात काही राहिलं म्हणून हा उलट मागायला येतोय. तीही पळायला लागली. जेटीच्या अलीकडे तिने टोपली खाली ठेवली आणि सगळ्या पेठेची करमणूक होईल अशा शिव्या दिल्या. भाऊशेट धापा टाकत म्हणाले, वजनाचं नाही, हा चुकून आलाय. ती म्हणाली, चुकून नाही, मोडच आहे, ठेव तुला. हे म्हणाले, असा नाही ठेवता येत, कुणाचा ते सांगा. मग तिथेच वाळत घातलेल्या जाळ्यांशेजारी बसून त्यांनी तिच्या आजेसासूची सगळी हकिगत ऐकून घेतली, अडकित्त्याचा वेगळा मोबदला तिच्या पदरात टाकला आणि परत आले. तिच्या तांब्यांच्या वजनात मात्र त्यांनी नेहमीसारखा हात मारलेला होता. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

मी त्यांना एकदा हे विचारलं. त्यांनी पानाला चुना लावत शांतपणे सांगितलं.

“दुकानात गिऱ्हाईक मला फसवायला येतं, मी त्याला. दोघं शुद्धीवर असतात. नादातला माणूस शुद्धीवर नसतो, मास्तर. बेशुद्ध माणसाच्या खिशात हात घालायचा नाही.”

नादातले आम्ही तिघे होतो. भाऊशेट, दामले वकील आणि मी. रविवारी सकाळी माडीवर जमायचो. आपसात घेणंदेणं चालायचं ते भाऊशेटांच्या कायद्याने. विकणाऱ्याने भाव सांगायच्या आधी सगळे दोष सांगायचे, हा पहिला कायदा. त्यांनी दामले वकिलांना जोडपोपटाचा अडकित्ता द्यायचा ठरवला त्या दिवशी मी हजर होतो. भाऊशेट म्हणाले, मधली खीळ एकदा बदललेली आहे. वकील म्हणाले, चालेल. पात्याला केसाएवढी चीर आहे. वकिलांनी खिडकीशी नेऊन पाहिलं, दिसेना. दिसत नाही पण असावी, मला संशय आहे, असं भाऊशेट म्हणाले. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, असं वकिलांनी सांगितलं. तरी भाऊशेटांचं समाधान होईना. शेवटी ते आवाज खाली आणून म्हणाले, “एक सांगतो, डावा पोपट उजव्याकडे बघत नाही. त्यांचं पटत नसावं.” वकील म्हणाले, आमच्या घरी तेच आहे, द्या.

दुसरा कायदा असा की घेणाऱ्याने त्या अडकित्त्याने तिथल्या तिथे एक टणक रोठा सुपारी कातरायची आणि सगळ्यांनी खायची. जो कातरत नाही तो अडकित्ता नव्हे, बाहुली.

आणि तिसरा कायदा माहेराचा.

भाऊशेट अडकित्त्याला ‘ती’ म्हणायचे. मी भाषेचा मास्तर, मी हरकत घेतली. ते म्हणाले, आयुष्यभर तोंड मिटून दुसऱ्यासाठी कातरत राहते ती बाई नाही तर कोण? आणि बाई म्हटली की माहेर आलं. घेतलेला प्रत्येक अडकित्ता वर्षातून एकदा, गौरी येतात त्या दिवशी, आपल्या मूळ घरी जायचा. दोन दिवस राहून गौरी-विसर्जनाला परत यायचा. भाऊशेट लुनाच्या पिशवीत सगळ्या लेकी खणात गुंडाळून निघायचे, सोबत प्रत्येकीचा नारळ. ज्यांनी अडगळ म्हणून मोडीत घातला त्यांच्याच दारात जाऊन हा माणूस सांगायचा, तुमची लेक आणलीय, ओटी भरा. लोक आधी हसले, मग चिडले आणि मग सवयीने ओटी भरायला लागले. परटवण्यातल्या एका म्हातारीने तर अडकित्ता परत द्यायला नकार दिला. ‘माहेरी राहायचं म्हणते’ असं सांगत भाऊशेट रिकाम्या हाताने आले आणि आठवडाभर खुशीत होते.

त्या कपाटात एक पितळी मोर होता. मूठ मिटली की पिसारा मिटायचा, उघडली की फुलायचा. मला तो मोर हवा होता. किती हवा होता ते आज लिहितानाही नीट सांगता येत नाही. वर्गात रूपं म्हणून घेताना माझी मूठ आपोआप मिटायची-उघडायची. भाऊशेट मोर विकणार नव्हते. बदल्यात देईन म्हणाले, पण माहेर असलेल्या अडकित्त्याच्या बदल्यात. “तुमच्या घरची, तुमच्या माणसाचा हात फिरलेली एखादी आणा, मग मोर बोलेल तुमच्याशी.”

आमच्या घरात अडकित्ता कधीच नव्हता. पान-सुपारी हे आईच्या हिशेबी विड्या आणि जुगाराच्या शेजारचं व्यसन होतं.

त्याच सुमारास मला निवडणुकीच्या कामाला संगमेश्वराकडच्या एका खेड्यात पाठवलं. आमच्या जेवणाची सोय सोनूआत्या नावाच्या म्हातारीकडे होती. मुलगा मुंबईला गिरणीत, घरी ही एकटी. तोंडात दात नाही, पण पान सुटलेलं नाही. जेवण झाल्यावर तिने अडकित्ता काढला. लोखंडी, दांड्यांच्या टोकांना दोन पितळी घोड्यांची तोंडं, आणि तळहाताने काळा होऊन गेलेला. मी तो बघायला मागून घेतला आणि हातातून खाली ठेवीना.

मी तिला सांगितलं की याला गंज चढलाय. मी तिला सांगितलं की गंजाने धनुर्वात होतो. संस्कृतच्या मास्तराने सांगितल्यावर ते खरंच असणार. मी म्हणालो, हा मला द्या, मी नवा आणून देतो. आणि दिला. पुढच्याच रविवारी मुद्दाम गाडीने जाऊन कोरा करकरीत अडकित्ता तिच्या हातात ठेवला. तिने तो उन्हात फिरवून बघितला आणि माझ्या डोक्यावरून हात उतरवून कडाकड बोटं मोडली.

तो कोरा अडकित्ता मी भाऊशेटांच्याच दुकानातून घेतला होता. किती टिकेल, असं विचारलं तेव्हा चष्मा कपाळावर होता. “तुम्ही टिकाल तोवर, मास्तर,” ते म्हणाले होते.

घोड्यांचा अडकित्ता मी भाऊशेटांपुढे ठेवला आणि सांगितलं, माझ्या आजीचा. त्यांनी आजीचं नाव विचारलं. मी सांगितलं, ते खरं होतं. मग त्यांनी विचारलं, उजव्या हाताने कातरायच्या की डाव्या? हे काही मी योजलेलं नव्हतं. डाव्या, असं तोंडातून निघून गेलं. त्या दिवसापासून भाऊशेट तो अडकित्ता डाव्या हाताने चालवायला शिकू लागले, का तर तिची सवय मोडायला नको. महिनाभर त्यांच्या अंगठ्याला चिंधी होती. ती चिंधी बघून मी माडीवर मान खाली घालून बसायचो आणि घरी आलो की बदल्यात मिळालेला मोर मिटायचो, उघडायचो.

गौरी आल्या. आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. मी शाळेच्या कामाचं निमित्त काढून बाहेर जायच्या बेतात होतो, तोच लुना दारात थांबली. भाऊशेटांनी खणातली पुरचुंडी दोन्ही हातांवर धरली होती. आई बाहेर आली.

“आई, तुमच्याकडची लेक आणलीय,” ते म्हणाले. “सासूबाईंच्या हातची. नांदतेय छान. काही तक्रार नाही.”

आईने पुरचुंडीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. चाळीस मुलांच्या वर्गात कोण खोटं बोलतंय हे मला ओळखता यायचं नाही, तिला एका नजरेत कळलं. तिच्या सासूने आयुष्यात सुपारीला हात लावलेला नव्हता. मी उंबऱ्यात उभा होतो.

“ये गो बाय,” आई अडकित्त्याला म्हणाली. तिने त्याला कुंकू लावलं, तांदळाने ओटी भरली आणि देवाजवळ पाटावर ठेवला. भाऊशेट समाधानाने निघून गेले. मोर त्यांना माहेरी न्यायचा होता, तो मी पिशवीत घालून दिला.  रात्री आईने विचारलं, कुणाचा? मी सांगितलं. ती बराच वेळ वाती वळत राहिली. “माझ्या तोंडून तू खोटं नाही वदवलंस,” ती म्हणाली, “हातून करवलंस.” पण विसर्जनाला अडकित्ता जायला निघाला तेव्हा तिनेच त्याच्याबरोबर करंज्यांचा डबा दिला. तिला मुलगी नव्हती.

दुसऱ्या वर्षी हेच झालं. तिसऱ्या वर्षी आईने खण आधीच आणून ठेवला.

मी कदाचित अजूनही बोललो नसतो. पण एका रविवारी दामले वकिलांशी वाद घालताना भाऊशेट त्यांना म्हणाले, व्यवहार शिकायचा तर मास्तरांकडून शिका. आजीची लेक दिली या माणसाने, पण एक शब्द वाढवून सांगितला नाही. वकिलांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट दुकानात गेलो.

दुकानात एक बाई तांब्याचा बंब बघत होती. मी काउंटरच्या टोकाला उभा राहून हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. भाऊशेट एक कान माझ्याकडे आणि एक बाईकडे ठेवून होते. मी म्हणालो, तो अडकित्ता आजीचा नव्हता. ते बाईला म्हणाले, डाग नाही हो, नक्षी आहे ती. मी म्हणालो, मी तो एका म्हातारीकडून आणला. ते म्हणाले, झाकण बसतं, जरा मनातून दाबायचं. मी म्हणालो, मी खोटं बोललो, भाऊशेट. बाई बंब घेऊन गेली. त्यांनी चष्मा नाकावर घेतला.

मी तीन वर्षं शब्द जुळवून ठेवले होते. पश्चात्ताप, विश्वासघात, बरंच काही. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“तुमचं राहू द्या. तिचं माहेर कुठे?”

माझ्या पापात त्यांना काडीचा रस नव्हता. मला क्षमाही मिळेना आणि शिवीही मिळेना. तीन वर्षं लेक परक्या दारात उतरत होती आणि खरं दार वाट बघत असेल, या एकाच विचाराने त्यांचा चेहरा उतरला होता. म्हातारीने आपण होऊन दिला, असं मी सांगितलं. म्हणजे कबुलीसुद्धा अर्धीच दिली. धनुर्वाताचं मी गाळलं.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं एस.टी.ने निघालो. घोड्यांचा अडकित्ता खणात गुंडाळून त्यांच्या मांडीवर होता. वळणावर गाडी हलली की ते त्यावर हात ठेवायचे.

सोनूआत्या पडवीत बसली होती आणि जांभ्याच्या जोत्यावर सुपारी ठेवून दगडाने फोडत होती. सुपारी उडून अंगणात जायची, मग ती उठून शोधायची. मला तिने लगेच ओळखलं.

“याच मास्तरांनी नवा दिलानी,” ती भाऊशेटांना सांगू लागली. “धनुर्वात व्हतो म्हनाले. म्हटलां मराया नको, जुना दिला. नि नवा पैल्याच रोठ्याला मोडला. कुनी चोरान इकलानी मास्तरांना, काय ठाव.”

तिने कोनाड्यातून दोन तुकडे काढून आणले. खिळीपाशी तुटलेले. भाऊशेटांनी ते हातात घेतले. चष्मा नाकावरच होता आणि या वेळी तो वर सारायची सोय नव्हती. दांडीच्या आतल्या बाजूला त्यांच्या दुकानाचा कागद अजून अर्धा चिकटलेला होता. त्यांनी तो नखाने खरवडून पाहिला, निघाला नाही.

त्यांनी दोन्ही तुकडे जोत्यावर शेजारी शेजारी ठेवले.

“आत्या,” शेवटी ते म्हणाले, “तो चोर मी.”

म्हातारीला हे काही कळलं नाही आणि कळून घ्यायची तिला गरजही वाटली नाही. भाऊशेटांनी खण सोडून घोड्यांचा अडकित्ता तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलला, तोलला आणि परत खाली ठेवला. “ह्यो नको. जड हाय. मनगाट दुकतां. म्हनून तर दिला मी.” दर वर्षी रत्नागिरीत एक बाई याची ओटी भरते असं मी मधे पडून सांगितलं. त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. “मग तितंच जाऊ दे की बापडा. माला सुपारी कातराया काय तरी द्या.”

 भाऊशेटांनी कमरेची चंची सोडली. त्यांच्या रोजच्या पानाची. त्यातून त्यांनी एक लहानसा साधा लोखंडी अडकित्ता काढला. ना पोपट, ना मोर. तो कपाटात कधी नव्हता म्हणून मी त्याच्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं. पातं कागदासारखं पातळ झालेलं. त्यांनी दोष सांगायला सुरुवात केली. सवयच होती. “खीळ जरा सैल आहे. टोकाला बोथट आहे. बाकी…” आणि तिथे ते अडले. मग म्हणाले, “माझ्या आईची आहे.”

सोनूआत्याने जोत्यावरची सुपारी घेतली आणि कातरली. कट कट कट, भुसा पडावा तशी बारीक. सगळ्यांना दिली. तोंडात टाकली आणि डोळे मिटले. तेवढ्यावर व्यवहार झाला.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, मोर परत घ्या, भाऊशेट. त्यांना हे भलतंच वाटलं. दिलेली मुलगी परत मागणारा बाप समजलात काय मला, असं त्यांनी विचारलं. निवळीपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. पान लावायला चंची उघडत आणि तशीच मिटत. मी शेजारी बसून होतो. धनुर्वाताबद्दल त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. आजतागायत मला वाटतं, विचारायला हवं होतं.

त्यानंतर दुकानातून त्या जातीचे अडकित्ते नाहीसे झाले. बाकी घागरी पूर्ववत गळत राहिल्या.

मी मात्र पुढे रविवारचं जाणं तोडलं. काही दिवसांनी कोल्हापूरला नोकरी धरली आणि आई काही काळ रत्नागिरीतच राहिली. लोकांना सांगितलं पगाराचं कारण, पण खरं कारण हे होतं की मला काहीच न विचारणाऱ्या भाऊशेटांसमोर बसवत नव्हतं. एका वर्षी गणपतीला आलो आणि गौरीच्या दिवशीच परत निघालो. त्या दिवशी घरातून कुणी निघत नाही. मी निघालो, कारण संध्याकाळी भाऊशेट घोड्यांची लेक घेऊन आईकडे यायचे होते.

स्टँडवर गाडी लागली, मी खिडकीशी बसलो, आणि पलीकडच्या फलाटाशी भाऊशेट दिसले. हातात खण आणि नारळ. सोनूआत्याला प्रवास झेपत नव्हता, म्हणून ती भाऊशेटांच्या आईचा अडकित्ता दर गौरीला कंडक्टरबरोबर माहेरी पाठवायची, हे आईने मला सांगितलेलं होतं. संगमेश्वराकडची प्रत्येक गाडी आली की ते पुढे होत, कंडक्टर मान हलवी, ते मागे येत. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. त्यांची गाडी आली. कंडक्टरने खाकी पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढून दिली आणि काहीतरी थट्टा केली. भाऊशेटांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी तिथेच, माणसांच्या गर्दीत, फडकं सोडलं. चष्मा नाकावर घेतला. पात्यावरून अंगठा फिरवला.

माझी गाडी हलली तेव्हा त्यांनी वर बघितलं. वर्तमानपत्राचा काही उपयोग झाला नाही. ते गाडीबरोबर चार पावलं चालले आणि अडकित्ता माझ्या खिडकीकडे उंच धरून, आनंदाने, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले,

“पातं अजून झिजलंय, मास्तर. नांदतेय.”